खांद्यांवर खड्डे नाहीत

माझ्या खांद्यांवर खड्डे नाहीत, असं विमा कंपनीनं मला लेखी कळवलं. पत्र फोनवर आलं तेव्हा मी एका निवृत्त मास्तरांच्या वरच्या कवळीला मेणात दात बसवत होते, आणि सुळा बसवताना दुसऱ्या हातानं फोन उघडू नये एवढी अक्कल मला अठरा वर्षांच्या नोकरीत यायला हरकत नव्हती. पत्र मोठं सभ्य होतं. अर्जदाराच्या छायाचित्रांत पट्ट्यांच्या दाबानं खांद्यांवर पडणारे खड्डे दिसून येत नाहीत. मान, पाठ व हात यांच्या दुखण्याची पूर्वीची कोणतीही नोंद अर्जदारानं जोडलेली नाही. सबब स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया ही वैद्यकीय गरज नसून सौंदर्यवर्धनासाठी आहे असं धरून मंजुरी नाकारण्यात येत आहे. फेरविचाराचा अर्ज तीस दिवसांत करावा. ‘सौंदर्यवर्धन’ हा शब्द मी दोनदा वाचला. एप्रनवर प्लास्टरचे डाग, केसांत ॲक्रिलिकची भुकटी, डोळ्यांवर काम करायचा जाड चष्मा, आणि म्हणे सौंदर्यवर्धन. मला हसू आलं, आणि हसता हसता मास्तरांचा सुळा तिरपा बसला. मी तो मेण तापवून काढला, पुन्हा लावला. पुन्हा तिरपा. मग फोन खणात टाकला आणि तो तिसऱ्यांदा लावला.

मी दात करते. माणसांचे. दंतवैद्य तोंडाचं माप घेतात, साचा आमच्याकडे येतो, आणि चार दिवसांनी कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या हातच्या दातांनी हसतो, चावतो, भांडतो. हे काम छातीशी घेऊन करायचं असतं. सगळे जण कोपर टेबलावर टेकतात, साचा डोळ्यांपुढे धरतात आणि त्यात शिरतात. मला शिरता येत नाही. टेबलाच्या कडेला मी पोचायच्या आधी माझी पुढची बाजू पोचलेली असते. मग मी हातभर मागे बसते आणि मान तेवढी पुढे काढते, कासव काढतं तशी. माझ्या आणि हातातल्या कुठल्याही कामाच्या मध्ये, वयाच्या एक्केचाळीस वर्षांपैकी अठ्ठावीस वर्षं, मीच येत आले आहे. त्याचंही काही नव्हतं, माणूस कशालाही सरावतो. पण गेलं वर्षभर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपी जायला लागलं. आधी मुंग्या, मग नुसतंच लाकूड. दातांच्या तीन कॅपा हातून पडल्या. तिसरी फुटली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाखाली मालकांनी जुन्या गालिच्याचा एक तुकडा आणून टाकला, पडलं तर फुटू नये म्हणून. भला माणूस. त्या तुकड्याकडे बघून मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, आणि तिथूनच सर्जनबाईंची वेळ मागितली.

सर्जनबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी मान दाबली, हात वर करायला लावला, बोटांना टाचणी टोचली. मग म्हणाल्या, “हे वजन उतरवायला हवं. प्रत्येक बाजूचं सातशे ग्रॅम तरी. आणखी वर्षभर असंच ओढलंत तर बोटांचं मी सांगू शकत नाही.” पदरचं घालून करण्यासारखी ती शस्त्रक्रिया नव्हती, पण नोकरीतून मिळालेला विमा होता, आणि त्यांच्या मते तो मिळायलाच हवा. फोटो त्यांच्याच नर्सनं काढले, मानेवरचं कापून, भिंतीला लावून, पुढून, डावीकडून, उजवीकडून. फोटो काढताना नर्स म्हणाली होती, “अगंबाई, खांदे किती सुरेख आहेत तुमचे.” मी खूश झाले होते. मूर्ख.

विम्याच्या फोनवर जी मुलगी बोलते तिचं नाव मी ‘कळवते’ ठेवलं आहे, कारण तिचा प्रत्येक फोन ‘विचारून कळवते’वर येऊन थांबतो. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून तिला फोन लावला. विचारलं, खड्डे असते तर मिळालं असतं का? “हो ना मॅडम,” ती म्हणाली, “बहुतेक जणींना असतातच. इतक्या वर्षांत पट्टे रुततात ना. तुमच्या खांद्यांवर साधा वळसुद्धा नाही. आणि एकही जुना कागद नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, मालिशवाल्यांची, व्यायामवाल्यांची, काही म्हणजे काहीच नाही. वरचे साहेब म्हणाले, अठ्ठावीस वर्षं दुखतंय आणि बाई एकदाही डॉक्टरकडे गेली नाही?” मी म्हटलं, खरं आहे, गेले नाही. “का पण?” हे तिनं कंपनीच्या आवाजात विचारलं नाही, तिच्या स्वतःच्या आवाजात विचारलं. मला उत्तर माहीत होतं. आम्ही डॉक्टरकडे जात नसू, कारण घरी आई होती, आणि आई शिवायची.

माझी आई कपडे शिवते. अजूनही, बहात्तराव्या वर्षी, खिडकीशी मशीन लावून. तिच्याकडे येणारी माणसं वाकडी येतात आणि सरळ होऊन जातात. कुणाचा एक खांदा खाली, कुणाची पाठ कमानीसारखी, कुणाचं पोट आधी आणि माणूस मागून. आई त्यांना कोट, झगे, सदरे असे शिवून देते की आरसा फसतो. तेराव्या वर्षी मी शाळेतून धावत आले आणि दारात उभी राहून म्हणाले, मी आता धावणार नाही. तिनं का म्हणून विचारलं नाही. वर्गातल्या पोरांनी काय केलं, कोण काय ओरडलं, काहीही नाही. मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढली, मला खिडकीशी उभं केलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली, “श्वास सोड.” माप घेताना सगळे श्वास धरून ठेवतात, धरलेल्या श्वासाचं माप खोटं येतं, म्हणून ती प्रत्येकालाच असं सांगते. पण मी सोडला तेव्हा तो बाहेर येताना रडणं झालं. टेपचं गार पितळी टोक माझ्या पाठीला लागलं. तिच्या हातांना मशीनच्या तेलाचा आणि खडूचा वास होता. संध्याकाळपर्यंत तिनं माझ्यासाठी पहिली बॉडी शिवली. ब्रा हा शब्द आमच्या घरी कधी आलाच नाही, आणि ज्याच्यासाठी ती शिवली त्यालाही शब्द एकच होता, ‘पुढची बाजू’, जसा सदऱ्याला असतो. दुकानात मिळतात तशी दोरीसारखी बारीक पट्ट्यांची नव्हती ती. पट्टा चांगला दोन बोटं रुंद, आत फ्लॅनेलचं दुहेरी अस्तर, खांद्यावरून सरळ खाली न उतरता पाठीत एकमेकांना छेद देऊन कमरेच्या रुंद पट्टीत अडकलेला. “भार खांद्याला नाही द्यायचा,” टाचण्या काढून ती म्हणाली, “पाठीला द्यायचा. हमाल काय खुळे असतात?”

त्यानंतर मी जशी वाढले तसे पट्टे वाढले. अडीच बोटं, तीन बोटं. मान दुखली की आई छेद वर घ्यायची. पाठ भरून आली की कमरेची पट्टी रुंद करायची. खाली घामानं कातडी सोलली की तिथे मलमलीचा तुकडा लावायची. पहिल्या एक-दोनदा मी ‘दुखतंय’ म्हटलं असेल, नंतर म्हणायचीही गरज उरली नाही. ती नुसती बघायची, म्हणायची, “टिल्ले, काढून ठेव ती, टाका बदलते.” मी घरात सगळ्यांत बुटकी म्हणून टिल्ली, एक्केचाळिसाव्या वर्षीही टिल्लीच. माझ्या झग्यांना ती अशा काही चुण्या घालायची, गळा असा काही कापायची, की रस्त्यातल्या माणसाची नजर घसरून दुसरीकडे जायची. कॉलेजात मैत्रिणी म्हणत, तुझे कपडे शिवतं कोण गं? मी मिरवत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमच्या घरचा धर्म होता. आता त्या जिन्यात बसून मला कळत होतं की आईनं मूठ इतकी घट्ट झाकली की आत काय आहे याचा पुरावाच उरला नाही. तिनं अठ्ठावीस वर्षं माझे खांदे राखले, आणि राखलेल्या खांद्यांमुळे माझा हात जाणार होता. आता यात दोष द्यायचा कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणखी एक गोष्ट होती. मी सर्जनबाईंकडे गेले हे आईला सांगितलंच नव्हतं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच असतो. दोन खोल्यांत गुपित ठेवायला जागा कमी, पण मी ठेवलं. घरी आले, चहा टाकला, तिच्याजवळ बसून हवेवर बोलले, मालकांच्या नव्या भट्टीवर बोलले. ती एका बाईच्या कोटाला बाही जोडत होती. मान वर न करता म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय झालंय?” मग मी सगळं सांगितलं. बोटं, गालिच्याचा तुकडा, सर्जनबाई, सातशे ग्रॅम, पत्र. मशीनचं चाक तिनं हातानं हळूहळू थांबवलं. मला वाटलं ती शस्त्रक्रियेला घाबरेल, नको म्हणेल. ती तसलं काहीच बोलली नाही. तिनं बाहीची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, “माझ्या शिवणात काय कमी पडलं?” मी म्हटलं, आई, तसं नाही गं. “मग कसं? मला सांगायचंस. पट्टा साडेतीन बोटं केला असता.” आणि मशीन सुरू केलं, जोरात. ती रागावली की मशीन बोलतं. त्या संध्याकाळी ते पुष्कळ बोललं.

मला तिचा राग आला, हे इथेच सांगून टाकते. चहाचा कप घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मनात तिच्याशी कडाकडा भांडले. तुला सगळं टाक्यानं सुटतं असं वाटतं. तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस एकदा, फक्त एकदा, तर एक चिटोरं तरी असतं. मी काय कोट आहे? मग उजव्या हातातला कप मला जाणवेना म्हणून मी तो डाव्या हातात घेतला, आणि बघते तर आई दारात उभी. तिनं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, आणि परत गेली. आमच्या भांडणांत शब्द असे कमीच असतात.

आठवडाभर मी कागद शोधत हिंडले. लहानपणीच्या डॉक्टरांचा दवाखाना आता चपलांचं दुकान झालं आहे. शाळेच्या तपासणीत माझी फक्त उंची आणि डोळे होते. कॉलेजच्या व्यायामशाळेनं मला सूट दिली होती, ती ‘घरगुती अडचण’ या सदराखाली. तीसपैकी दहा दिवस गेल्यावर मी ‘कळवते’ला पुन्हा फोन केला. ती आवाज खाली घेऊन म्हणाली, “मॅडम, हे मी सांगितलं म्हणू नका. तुम्ही त्या घरी शिवलेल्या घालता, मागच्या फोनवर म्हणालात ना? पंधरा दिवस साध्या दुकानातली घाला. बारीक पट्ट्यांची. दिवसरात्र. मग पुन्हा फोटो काढा.” कल्पना सोपी होती. खड्डे नाहीत तर पाडायचे. मी दुकानात गेले, तर माझ्या मापाची मिळेना. जी सापडली तिचे पट्टे खरोखर दोऱ्या होत्या, पण तिचं पाठीमागचं आवळत नव्हतं. म्हणजे तीही शेवटी आईकडेच न्यायची. किंवा आईची एखादी घेऊन तिचं अस्तर काढायचं, पट्टे उसवून निम्मे करायचे. हे मला येण्यासारखं नाही. दातांखेरीज मला काही येत नाही.

रविवारी दुपारी मी एक जुनी बॉडी तिच्यासमोर ठेवली आणि काय हवं ते सांगितलं. आवाज अगदी कामापुरता ठेवला, गिऱ्हाईक बोलतं तसा. फ्लॅनेल काढ, पट्टा बोटभर कर, छेद उसवून सरळ कर. आईनं ऐकून घेतलं. टाके उसवायची बारीक कातर घेतली, चष्मा पुसला, पट्टा उजेडात धरला. तिचे टाके इतके बारीक असतात की तिलाच ते शोधायला वेळ लागला. एक टाका तिनं कापला. दुसरा कापला. मग कातर तशीच धरून बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. “पंधरा दिवस?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. “रुतेल ते.” मी म्हटलं, आई, रुतायलाच हवंय. तेव्हा तिनं कातर खाली ठेवली. “नाही जमायचं,” ती म्हणाली. “तुझ्या विम्याच्या साहेबाला म्हणावं, जन्मभर मी पोरीला दुखू नये म्हणून हात चालवले, आता दुखावं म्हणून नाही चालवणार.” मी चिडून उठले. मी म्हणाले, मग माझा हात जाऊ दे! हे मी ओरडले. आमच्या घरात कुणी ओरडत नाही. भिंतींनाही ते नवीन होतं. आई उठली, मला वाटलं स्वयंपाकघरात जाईल. ती मशीनपाशी गेली, त्याच्या पायाशी जो दोऱ्यांचा खण आहे तो पूर्ण बाहेर ओढला, आणि त्याच्या मागच्या पोकळीतून एक वही काढली. पुठ्ठ्याची, लांबट, कडा मळून काळ्या झालेल्या. माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “हे चालतं का विचार.”

काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या आईच्या कपाटात ढिगानं आहेत, त्या मी जन्मभर पाहिल्या आहेत. माझं माप मात्र तिनं कधी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. “तुझं मला पाठ आहे,” म्हणायची. ते खोटं होतं. पहिल्या पानावर तेराव्या वर्षाची ती तारीख होती. छाती, कंबर, खांदा, पट्ट्याची रुंदी. मग दुसरी तारीख, तिसरी, वर्षाला एक किंवा दोन, शेवटची गेल्या वर्षीची. एकोणचाळीस नोंदी, शाळेतल्या आखीव अक्षरात. आणि प्रत्येक नोंदीच्या उजव्या रकान्यात खुणा. शिंपी माणसाचं व्यंग शब्दांत लिहीत नाही. माप लिहिताना गिऱ्हाईक हटकून वहीत डोकावतं, आणि ‘कुबड’ असा शब्द ज्यानं स्वतःबद्दल वाचला तो परत त्या दाराची पायरी चढत नाही. म्हणून आईनं खुणा ठरवलेल्या. गिऱ्हाइकांच्या खुणा मला लहानपणापासून थोड्या येतात: टिंब म्हणजे खांदा खाली, तिरकी रेघ म्हणजे पाठ वाकलेली. माझ्या रकान्यात त्या होत्याच, पण आणखीही होत्या, लाटा, फुल्या, जोडटिंबं, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लहानसा गोल.

सर्जनबाईंनी वही चाळली आणि प्रथमच माझ्याशी चार वाक्यांहून जास्त बोलल्या. त्यांच्या मते असा अठ्ठावीस वर्षांचा कागद त्यांच्या कुठल्याच पेशंटकडे नव्हता. पण साहेबांना खुणा कळणार कशा? प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून, खाली आईची सही हवी. मग आम्ही दोघी खिडकीशी बसलो. मी विचारत होते, ती सांगत होती, मी लिहीत होते. तिरकी रेघ? “मान पुढे काढून चालते.” जोडटिंबं? “खाली कातडी सोलली.” लाट? “कुशीवर झोपता येत नाही, पाठीवर झोपली की दम लागतो.” तुला कसं कळलं? “चादरीवरून.” फुली पहिल्यांदा आली होती तीन वर्षांपूर्वी. मी म्हटलं, ही? आई म्हणाली, “हाताला मुंग्या.” मी म्हटलं, मला तर गेल्या वर्षीपासून. “छे. तीन वर्षांपूर्वीच तू कप डाव्या हातात घ्यायला लागलीस.” मी लिहायची थांबले. एखादं माणूस तुमच्याकडे इतकं बघत असतं आणि तुम्ही आपले दात घासत, बस पकडत, हवेवर बोलत जगत असता. मला तिचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तिच्या हातात खडू होता, आणि आमच्यात तशी पद्धत नाही. म्हणून मी नुसतं पुढचं विचारलं. आणि हा गोल? आई उठली. “तो काही नाही,” म्हणाली. “हाताची सवय.” आणि चहा टाकायला गेली.

मी गोल सोडून बाकी सगळं पाठवलं.

आठ दिवसांनी ‘कळवते’चा फोन आला. मी घरीच होते, आई समोर काज करत होती. ‘कळवते’ म्हणाली की साहेबांनी वही दोनदा वाचली, सर्जनबाईंचं पत्रही लागलंय, सगळं ठीक आहे. फक्त एका खुणेचा अर्थ लिहिलेला नाही, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त वेळा आहे. “छत्तीस वेळा आहे मॅडम. मीच मोजल्या. साहेब म्हणतात, ही खूण समजल्याशिवाय कागद अपुरा. तुम्ही सांगता का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. आईकडे पाहिलं. आईनं सुई कापडात खोचली आणि हात पुढे केला. मी फोन दिला. तिला फोन कानाला नीट लावता येत नाही, ती तो थोडा लांब धरते, त्यामुळे दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं.

“बोल बाळ,” आई म्हणाली.

“आजी, तो गोल म्हणजे काय?”

आईनं माझ्याकडे पाठ केली. खिडकीबाहेर बघत, गिऱ्हाइकाला कापडाचा पन्हा समजावून सांगावा तशी ती बोलली. “गोल म्हणजे विचारलं नाही. माप घेताना मला दिसायचं तिला दुखतंय. ती बोलायची नाही. मी विचारायची नाही. तीनदा ती आपणहून म्हणाली, त्या तीन ओळींना गोल नाही बघ. बाकी सगळ्यांना आहे.”

“पण का नाही विचारलं, आजी?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असती ना,” आई म्हणाली. “आणि माझ्याकडे कापडाशिवाय होतं काय?”

‘कळवते’ म्हणाली, “मी हे असंच लिहू?” आई म्हणाली, “असंच लिही.” आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा काजाला बसली. सुईत दोरा होता तरी ती ओवायचा प्रयत्न करत होती. मी जवळ गेले नाही. मला माहीत होतं की जवळ गेले तर ती म्हणेल, उजेड अडवू नकोस.

गुरुवारी मंजुरी आली. सातशे ग्रॅम, दोन्ही बाजू, वैद्यकीय गरज. मालकांनी सहा आठवड्यांची रजा दिली आणि म्हणाले, गालिचा उचलणार नाही, आधी परत या, मग बघू. सर्जनबाईंनी बजावलं की शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात वर करायचे नाहीत, डोक्यातून घालायचे कपडे बंद. पुढून उघडणारे सैल सदरे लागतील. मी म्हटलं विकत घेऊ. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोललेच नाही.

शनिवारी सकाळी तिनं मला खिडकीशी उभं केलं. वही कंपनीकडून परत आली होती, पहिल्या पानावर त्यांचा जांभळा शिक्का घेऊन. आईनं तो शिक्का खोडरबरानं घासून बघितला होता, निघाला नव्हता. टेप गळ्यातून काढली. खांदा, पाठ, बाहीची लांबी, मनगट. छातीचं माप घेताना म्हणाली, “हे आता कशाला लागतंय, पण असू दे, शेवटचं.” माझ्या डोक्यावर हनुवटी टेकता येईल इतकी ती माझ्याहून उंच होती एके काळी; आता आम्ही सारख्याच झालो आहोत, टिल्ल्या दोघी. तिनं आकडे लिहिले. मग पेन्सिल उजव्या रकान्याशी आली. तिरकी रेघ काढली. टिंब काढलं. फुली काढली. पेन्सिलचं टोक तिनं जिभेला लावलं आणि तिथेच थांबली, आणि वहीतून मान वर न करता विचारलं, “दुखतं का गं?”

माझ्या तोंडात ‘नाही’ तयार होतं. ते नेहमी तयार असतं. मास्तर कवळी घालून बघतात आणि मी विचारते, टोचतंय का, तेव्हा तेही आधी नाहीच म्हणतात. मी ते गिळलं. “हो,” मी म्हणाले. “खूप दुखतं आई. पहिल्यापासून दुखतं.”

आईनं मान हलवली. रकान्यात जागा थोडी होती, तरी तिनं त्यात खूण न करता अक्षरांत लिहिलं, बारीक, तिच्या टाक्यांसारखं: विचारलं. दुखतं म्हणाली. खाली तारीख घातली. मग टेप पुन्हा माझ्याभोवती घेतली, कारण मधल्या वेळात मी ताठ झाले होते आणि तिच्या मते छातीचा आकडा चुकला होता.

“आता श्वास सोड,” ती म्हणाली.

मी सोडला.